केस हाही धागाच : सलूनमध्ये जाण्यापूर्वीची तयारी

कापडाच्या धंद्यात धागा कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय माल रंगाईला जात नाही. रंगारीदेखील सगळा माल हौदात सोडण्यापूर्वी एक तुकडा बुडवून पाहतो. मात्र हीच माणसे स्वतःच्या डोक्याला रंग लावताना नमुना पाहत नाहीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या बहनोईंनी थोरल्या मुलीच्या निकाहसाठी शुक्रवारी संध्याकाळी सलूनमध्ये केस आणि दाढी काळी करून घेतली. रविवारी सकाळी डोळे सुजून मिटले, कानामागून पाणी वाहू लागले. निकाहच्या मजलिसमध्ये मुलीचा बाप बसू शकला नाही. तो दवाखान्यात होता. चौकशी केली तेव्हा कळले की, पूर्वी एकदा ‘काळी मेहंदी’ लावल्यावर त्यांना खाज सुटली होती. त्यांनी ते सांगितले नाही आणि कारागिराने विचारले नाही. पाच मिनिटांचे बोलणे राहून गेले, त्याची ही किंमत.

केसाची जात कोणती?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. लोकरही त्याचीच. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो. लोकर आणि केस मात्र ओले असताना कमजोर पडतात. म्हणून ओल्या केसांत बारीक कंगवा ओढू नये. लोकरीची शाल गरम पाण्यात चोळली तर आकसून तिचा गठ्ठा होतो, कारण तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात व ते एकमेकांत अडकतात. केसावरही तसेच खवले असतात. कडक गरम पाणी, टॉवेलने खसखसून पुसणे, रोजची गरम इस्त्री यांनी ते उखडतात आणि केस राठ होतो.

दुसरी गोष्ट, डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटिमीटर लांब केसाचे टोक दोन-अडीच वर्षांचे असते. दोन वर्षांपूर्वी लावलेला रंग आजही त्या टोकात आहे. फाटलेल्या कापडाला रफू करता येते, पण दुभंगलेला केस कोणत्याही बाटलीने सांधत नाही, तो कापावाच लागतो.

काळी मेहंदी ही मेहंदी नव्हे

मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी-लाल ते तपकिरी. निव्वळ मेहंदी काळी कधीच होत नाही. तिच्यात नीळीच्या पानांची पूड मिसळली तर गडद छटा येते. पण पुडीवर ‘मेहंदी’ लिहिलेले असून केस थोड्या वेळात काळेभोर होत असतील, तर तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी हे रसायन असते. बहुतेक काळ्या डायमध्येही हेच किंवा याच्या जातीचे रसायन असते. ते सर्वांनाच बाधत नाही. मात्र ज्याला एकदा बाधले, त्याला पुढच्या वेळी जास्त बाधू शकते. काहींना मग काही कापडी रंगांचाही त्रास होतो. म्हणूनच डायच्या वेष्टनावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया व पापण्यांना न लावण्याची सूचना कायद्याने छापावी लागते. आपण वेष्टन फाडतो, सूचना वाचत नाही.

केसांची निगा राखावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. केस रंगविण्यासाठी मेहंदी व कतम या वनस्पतींचा उल्लेखही आला आहे. निव्वळ काळ्या रंगाचा मसला उलेमांना विचारावा. मी येथे फक्त तब्येतीचे आणि धंद्याचे बोलतो आहे.

गिऱ्हाइकाने काय करावे?

1) रंग लावायच्या 48 तास आधी तोच रंग, पुडक्यावरील सूचनेप्रमाणे, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे ठिपकाभर लावून पाहावा. खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग डोक्याला लावू नये.
2) मागे काय काय लावले ते सांगावे : मेहंदी, डाय, केस सरळ करण्याचे औषध, सर्व काही. काही मिश्र मेहंदीत धातूचे क्षार असतात. त्यावर डायमधील पेरॉक्साइड पडले तर केस तापून तुटू शकतात. शंका असल्यास कापलेल्या एका बटेवर आधी रंग लावून पाहावा.
3) कापण्यासाठी जाताना केस स्वच्छ, कोरडे आणि तेलाविना असावेत. रंगासाठी आदल्या दिवशीच धुवावेत. त्याच दिवशी डोके घासू नये. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर वेळ पुढे ढकलावी.
4) शादी किंवा ईदच्या आदल्या दिवशी नवीन प्रयोग नको. आठ-दहा दिवस हाताशी ठेवावेत.
5) वस्तऱ्याचे पाते नवे लावले का हे पाहावे. जुन्या पात्यावरून कावीळ ब व क आणि एचआयव्ही पसरू शकतात.

घरची निगा

शाम्पू टाळूसाठी असतो, टोकांना फेस लागतो तेवढा पुरे. खोबरेल तेल धुण्याआधी लावल्यास केसातील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, असे 2003 साली मुंबईत झालेल्या अभ्यासात दिसले. अभ्यास तेल कंपनीच्याच संशोधकांचा होता, हेही ध्यानात असावे. ओले केस घट्ट बांधून त्यावर ओढणी घेऊ नये, आधी सुकू द्यावेत. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. चकत्या पडू लागल्या किंवा गळती फार वाढली तर महागडी बाटली घेण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. अंगात लोह कमी असेल तर वरून काहीही लावून भागत नाही.

कारागीर बंधूंसाठी

दुकानात उधारीची वही असतेच. तशी एक गिऱ्हाइकांची वही ठेवा : नाव, तारीख, कोणता रंग लावला, चाचणी केली का, पूर्वी त्रास झाला होता का. ज्याची चाचणी झाली नाही त्याला दोन दिवसांनी या म्हणा. त्या दिवसाची मजुरी जाईल, पण गिऱ्हाईक राहील. माझे बहनोई त्या सलूनची पायरी पुन्हा चढले नाहीत, आणि मोहल्ल्यातले आणखी कितीतरी लोक चढले नाहीत. गिऱ्हाइकाचे डोके ही आपल्या हातातली अमानत आहे. तिच्यात खयानत झाली तर हुनर कितीही असो, रोजीत बरकत राहत नाही.