'शॅगी' शब्दाचा अर्थ, वापर आणि एक काळजी



अंगावर केस असलेल्या कोणत्याही प्राण्याचं इंग्रजीत वर्णन करायला सांगा, मुलांचं उत्तर ठरलेलं असतं : 'हेअरी'. मांजर हेअरी, अस्वलही हेअरी! अर्थ चुकत नाही, पण डोळ्यासमोर चित्र उभं राहत नाही. म्हणून आज 'शॅगी' हे विशेषण पाहू.

अर्थ : लांब, दाट, राठ आणि अस्ताव्यस्त केसांचा. मराठीत 'झिपरा' जवळचा. सशाच्या मऊ अंगाला 'फरी' म्हणतात. आखूड, टोचणाऱ्या केसांना 'ब्रिस्टली' म्हणतात, जसे डुकराच्या पाठीवरचे.

स्पेलिंग : एस, एच, ए, दोन जी, वाय. तर-तम रूपं शॅगिअर, शॅगिएस्ट. लिहिताना वाय जाऊन आय येतो.

उदाहरण : आपल्या पवनी तालुक्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग येतो. तिथलं अस्वल घ्या. 'द बेअर हॅज अ शॅगी कोट.' इथे कोट म्हणजे अंगावरचे केस, घालायचा कोट नव्हे, हे आवर्जून सांगा. अस्वलीण पिल्लांना पाठीवर बसवून फिरते आणि पिल्लं तिचे लांब केस घट्ट धरून बसतात. एवढं सांगितलं की शब्द मुलांच्या डोक्यात पक्का बसतो.

इतर वापर : शॅगी आयब्रोज म्हणजे दाट, विस्कटलेल्या भुवया. शॅगी कार्पेट म्हणजे लांब धाग्यांचा गालिचा. 'शॅगी डॉग स्टोरी' म्हणजे लांबत जाणारी आणि शेवटी काहीच न निघणारी गोष्ट.

आता काळजीची गोष्ट. वरच्या वर्गात 'हर्सूट' हा शब्द येतो. अर्थ केसाळच, पण तो पुस्तकी आहे आणि बहुतेक माणसांबद्दल वापरतात. असे शब्द शिकवताना मुलं हसून एखाद्या मुलीच्या ओठावरच्या लवेकडे किंवा हाताकडे बघतात. ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत यायला कचरते. मुलींना चेहऱ्यावर जास्त केस येणं कधी घराण्यातून, तर कधी संप्रेरकांमुळे असतं. त्यात तिचा काय दोष? म्हणून उदाहरण प्राण्याचं किंवा वस्तूचंच द्या. वर्गातल्या कुणाचं नको. घरीही "अस्वल" म्हणून चिडवणं थांबवा.

सराव : घरातल्या किंवा गोठ्यातल्या पाच गोष्टी निवडा आणि शॅगी, फरी की ब्रिस्टली ते लिहा. प्रत्येकाचं कारण मराठीत सांगा.