सापळ्याचे तोंड आतून कसे असते?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालात की कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो. या भागातील डोंगरांच्या पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, हे तुम्हाला ठाऊक असेल. ओढ्यात मासे धरण्यासाठी बांबूच्या कामट्यांचा सापळा विणणे ही त्यांची आणखी एक जुनी विद्या.

सापळ्यातील युक्ती पाहा. तोंडापाशी कामट्यांची टोके आत वळवून निमुळती केलेली असतात. मासा पाण्याबरोबर सहज आत शिरतो, पण परत फिरला की टोके आडवी येतात. कामट्यांच्या फटींतून पाणी आणि बारीक पिल्ले निघून जातात. म्हणजे फट किती ठेवावी, यावर कोणता मासा अडकणार ते ठरते! पण बाजारात नायलॉनचे जाळे तयार मिळत असताना ही खटपट कोण करणार? विणणाऱ्याबरोबर त्याची विद्याही जायची.

“मोबाईलने फोटो काढून ठेवू,” असे तुम्ही म्हणाल. थोडे गणित करू. समजा, फोटोत आडवे ४००० बिंदू आहेत आणि ४० सेंटीमीटर लांबीच्या सापळ्याने फोटोची सारी रुंदी व्यापली आहे. मग एका बिंदूच्या वाट्याला ०.१ मिलिमीटर येते. ३ मिलिमीटर रुंदीची कामटी ३० बिंदूंत उमटते आणि वीण मोजता येते. हाच सापळा लांबून टिपला आणि ४०० बिंदूंतच मावला, तर कामटीला मिळतात अवघे ३ बिंदू. कोणती कामटी कोणत्या कामटीवरून गेली, हे मग कसे कळणार?

आणि जवळच्या फोटोतही आतले तोंड झाकलेलेच राहते. म्हणून सापळा विणला जात असतानाच चित्रण करायला हवे. येथे दुसरी अडचण येते. हात सेकंदाला १ मीटर वेगाने सरकत असेल आणि कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी १/३० सेकंद प्रकाश घेत असेल, तर तेवढ्यात बोट सुमारे ३३ मिलिमीटर पुढे जाते व चित्र फरफटते. हाच काळ १/५०० सेकंद केला, तर फरफट २ मिलिमीटरवर येते. मात्र त्यासाठी भरपूर उजेड हवा. तेव्हा काम अंगणातच मांडावे. चित्रणावर गाणे चढवण्याची हौस अनेकांना असते, ती आवरा. कामटी चिरतानाचा आवाज त्याखाली बुडतो.

कॅमेऱ्याला न दिसणारे वहीत लिहा: बांबू कोणत्या महिन्यात तोडला, कामट्या भिजवल्या का, किती वेळ. भागांची नावे विणणाऱ्याच्या बोलीत जशी ऐकली तशीच नोंदवा. चित्रण करण्यापूर्वी त्याची परवानगी घ्या, ते कोणाला दाखवायचे हेही त्यालाच ठरवू द्या. प्रती तीन ठेवा, त्यांपैकी एक त्याच्याच घरी.

चित्रण पुरेसे झाले की नाही, याची परीक्षा शाळेत करता येईल. ते पाहून दोघा-तिघांनी सापळा विणायला बसावे. हात जेथे अडेल ती जागा लिहून ठेवा आणि वाडीवर परत जाऊन तेवढा भाग पुन्हा टिपा.