ऑफसेट फिरवून मर्यादा वाढत नाही

डिफरन्शियल प्रोबवर ठळक छापलेला व्होल्टचा आकडा म्हणजेच त्याची सहनशक्ती, ही समजूत विकणाऱ्यांनीच पोसली आहे, असं माझं ठाम मत आहे. तो आकडा बहुधा लाल आणि काळ्या टोकांमधल्या फरकाचा असतो. प्रत्येक टोक अर्थपासून किती वर जाऊ शकतं, ही कॉमन मोडची मर्यादा निराळी. काही मॉडेलांत ती निम्मीच असते आणि मॅन्युअलच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सापडते. प्रोब गेला की तेच बारीक अक्षर पुढे केलं जातं, ‘ओव्हरव्होल्टेज’ असा शेरा पडतो आणि वॉरंटी संपते. विकताना मात्र ते पान कुणी उघडून दाखवत नाही. याचा राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

कामथडी, कापूरहोळ, नसरापूर या पट्ट्यात पंपाचे ड्राइव्ह आणि सोलर कंट्रोलर उघडणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. थ्री फेजचे 415 व्होल्ट हे आरएमएस असतात. त्यांचं शिखर 587, आणि रेक्टिफायरनंतर डीसी बसवरही साधारण तेवढेच. मोटर ब्रेक घेते तेव्हा बस 700च्या पुढे जाऊ शकते, म्हणजे ‘600 व्होल्ट’वाला प्रोब इथे मुळातच तोकडा. वरच्या आयजीबीटीचं गेट तर आणखी फसवं. गेट आणि एमिटरमध्ये जेमतेम 15 व्होल्ट, म्हणून माणूस लहान रेंज लावतो. पण ती अख्खी जोडी सेकंदाला हजारो वेळा 587 व्होल्ट वरखाली उडी मारते. 50 हर्ट्झला 80 डेसिबल सीएमआरआर, म्हणजे कॉमन मोड दाबण्याची क्षमता, असेल तर त्या उडीतले 0.06 व्होल्टच वाचनात मिसळतात. उडीच्या वेगवान कडेवर तोच सीएमआरआर 40 डेसिबलवर आला, तर जवळजवळ 6 व्होल्ट. मग 15 व्होल्टांच्या गेटवर दिसणारं टोक खरं की प्रोबचं, हे कसं ठरवणार?

ऑफसेटच्या बाबतीत गोंधळ त्याहून मोठा, कारण एकाच नावाखाली दोन गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे शून्य जुळवणं. प्रोब वीसेक मिनिटं तापू द्यायचा, दोन्ही क्लिपा एकमेकींना जोडायच्या आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर फिरवून रेघ शून्यावर आणायची. हे दर वेळी करा. 1/500 रेंजवर आउटपुटची 5 मिलिव्होल्टची चूक म्हणजे मोजमापात 2.5 व्होल्ट. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या डीसीवरचा लहान रिपल बघण्यासाठी दिलेला ऑफसेट. स्कोपचं पोझिशनचं बटण फक्त रेघ सरकवतं, एसी कपलिंगही प्रोबच्या पुढचंच. प्रोबचा ॲम्प्लिफायर आधीच चेपला गेला असेल तर ही दोन्ही बटणं काहीच वाचवत नाहीत. प्रोबमध्येच ऑफसेट असेल तर तो ॲम्प्लिफायरच्या आधी वजा होतो, तेव्हा रिपल नीट दिसतो. पण आतले रेझिस्टर आणि इन्सुलेशन पूर्ण व्होल्टेजच सोसत असतात. वाईट भाग असा की चेपलेली लहर सपाट माथ्याची आणि अगदी स्वच्छ दिसते. मोठ्या रेंजवर जाऊन पाहा. आकार बदलला तर आधीचं वाचन फेकून द्या.

यावर काही जण म्हणतात, एवढं कशाला, स्कोपची अर्थची पिन काढली की झालं. हा सल्ला जिवावरचा आहे. स्कोपची बॉडी, बीएनसीचं कवच, यूएसबीची तार सगळं बसच्या व्होल्टेजवर येतं. दोन साधे प्रोब लावून एकातून दुसरा वजा करावा, हा आक्षेप थोडा रास्त आहे, फरक मोठा असेल तिथे ते चालतंही. गेटवर मात्र दोन प्रोबांत एक टक्क्याची तफावत असली तरी 587चे सहा व्होल्ट खोटे दिसतात. शिवाय प्रत्येक प्रोबची अर्थपासूनची मर्यादा उरतेच.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी बिलावर लिहून मागा: दोन टोकांतली मर्यादा, अर्थपासूनची मर्यादा, आकडा आरएमएस की शिखर, आणि कॅट वर्ग, म्हणजे प्रोब कुठल्या जोडणीवर सुरक्षित आहे ते सांगणारा वर्ग. फ्रिक्वेन्सी वाढताना मर्यादा कशी उतरते त्याचा आलेखही मागा. तो देता येत नसेल तर ड्राइव्हच्या कामासाठी तो प्रोब घेऊ नका.