परसबागेचा पाठ : आधी कुंपण, मग वाफे



दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यांवर भाजीपाल्याच्या बियाण्यांची पाकिटे वाटली जातात. आपणही वाटतो. भेंडी, दुधी, माठ, वाल छान उगवतात. पण श्रावणात जाऊन पाहावे तर कितीतरी परसांत शेळ्यांनी खुडलेली बुडखेच उरलेली असतात. जी बाग शेळ्यांतून वाचते, ती दिवाळीनंतर वाळते. तेव्हा घराला कुलूप लागलेले असते आणि माणसे वीटभट्टीवर गेलेली असतात. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला काम करताना एका वारली आजींनी मला विचारले होते, "बाय, बी तू देशील, पण राखण कोण देईल?" तेव्हापासून परसबागेचा पाठ मी बियाण्यापासून सुरू करीत नाही, कुंपणापासून करते.

राखणही करील, उन्हाळाभर पाणीही मागणार नाही आणि वर फळही देईल, असे झुडूप आपल्याच डोंगरावर आहे. ते म्हणजे करवंद.

करवंदच का?

एक, ते कातळाच्या फटीत आणि मुरमाड उतारावर वाढते. त्याला भारी जमीन लागत नाही. एकदा मूळ खोल गेले की पावसाळा ते पावसाळा ते आपल्या बळावर तग धरते. एकच गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी.

दोन, त्याचे काटे जोडीने येतात, कठीण असतात आणि पानाफांद्यांत पांढरा चीक असतो. कोवळा शेंडा शेळी खुडते. पण जून झालेल्या दाट झुडपात ती तोंड घालीत नाही.

तीन, आणि आमच्या पाड्यांसाठी हे सर्वांत मोठे, त्याचे फळ मे महिन्यात पिकते. कामाला गेलेली कुटुंबे पावसाच्या आधी परततात, तेव्हा घरात धान्य थोडे असते आणि बागेत काहीच नसते. त्या दिवसांत परसात पिकलेले काही उभे असणे ही लहान गोष्ट नाही.

आणखी एक विचार करावा. आज बहुतेक घरी कुंपण काट्याकुट्यांचे असते. करवंदाच्या, बोरीच्या फांद्या तोडून आणायच्या आणि रोवायच्या. वर्षभरात वाळवी लागते, की पुन्हा तोड. म्हणजे ज्या फांदीला उन्हाळ्यात फळ लागले असते, तीच आपण परस राखायला वाळवून टाकतो. शिवाय वणवा लागतो तो नेमका फळाच्या दिवसांत. मग बायकांना टोपली भरायला दरवर्षी आणखी लांब जावे लागते. जिवंत कुंपण ही तोड थांबवते.

बी कसे धरावे

करवंदाचे बी साठवून ठेवता येत नाही. त्याची उगवण लवकर कमी होते, म्हणून ते पिकल्या फळातून काढून त्याच आठवड्यात पेरावे. मोठ्या, गोड, भरपूर फळ देणाऱ्या झुडपाची करवंदे निवडावीत. असे झुडूप कोणते, हे पोरांना विचारावे. त्यांना डोंगरावरचे प्रत्येक झुडूप ठाऊक असते. गर चोळून धुवावा, बियांना राख लावावी, एक-दोन दिवस सावलीत सुकवावे.

किती बी लागेल? ३० फूट लांब व ३० फूट रुंद परसाचा घेर १२० फूट होतो. वाटेसाठी ४ फूट सोडून दोन-दोन फुटांवर रोपे धरली तर ५८ रोपे लागतात. काही बी उगवणार नाही, काही रोपे मरतील. म्हणून १०० बिया पेराव्यात. एका फळात तीन-चार बिया सहज मिळतात, म्हणजे दोन-तीन ओंजळी करवंदे पुरेत. खायची ती खाऊनच बी मिळते.

माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरलेल्या पिशव्यांत बी अर्धा इंच खोल टोकावे. रोपे वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या पावसाळ्यात लावावीत. इथे अडचण येते : जे घर दिवाळीनंतर बंद होते, तिथे रोपांना पाणी कोण घालील? म्हणून रोपे घरोघर करू नयेत. विहिरीजवळच्या, म्हातारी माणसे मागे राहतात अशा एका घरी सगळ्या गटाची रोपे ठेवावीत. पाणी घालणाऱ्या आजी-आजोबांचा मोबदला गटाने आधीच ठरवावा आणि तो वेळेवर द्यावा. फुकटच्या राखणीवर उभी केलेली रोपवाटिका मार्च महिन्यात कोरडी पडते.

ज्यांना मोठे फळ हवे त्यांच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात आहे. तिची पाच-सहा कलमे परसाच्या कोपऱ्यांत सुटी लावावीत. कुंपणाला मात्र डोंगरची रोपेच बरी.

लागवड आणि पहिला उन्हाळा

मे महिन्यात कुंपणाच्या रेषेवर एक फूट रुंद व एक फूट खोल चर खणावा. निघालेली माती चराच्या आतल्या बाजूला टाकली तर परसाला बांध मिळतो. चरात पालापाचोळा, शेणखत आणि माती भरावी, जमिनीपेक्षा चार बोटे उंच. पहिला चांगला पाऊस पडून जमीन भिजली की रोपे लावावीत. जूनमध्ये लावलेल्या रोपाला पावसाचे चार महिने मिळतात. ऑगस्टमध्ये लावलेल्याला दोनच. उन्हाळा काढायला हा फरक पुरतो.

पहिली दोन वर्षे जुने काट्यांचे कुंपण काढू नये. ते बाहेरच्या अंगाला राहू द्यावे आणि आत करवंद वाढू द्यावे. पाऊस संपला, की कामाला जाण्यापूर्वी प्रत्येक घराने दोन कामे करावीत : रोपांच्या बुडाशी मातीची भर द्यावी, आणि तिच्यावर भाताचा पेंढा किंवा पाला वीतभर जाड पसरावा. मात्र कुंपणाबाहेरचे वाळके गवत हातभर रुंद पट्ट्यात साफ करावे, नाहीतर वणवा त्या पेंढ्यावरूनच आत येईल.

काही रोपे मरतील. पुढच्या जूनमध्ये त्या जागी नवी लावावीत. दोन-तीन वर्षांत फळ दिसू लागते आणि सुमारे चार वर्षांत कुंपण शेळीला रोखण्याइतके दाट होते. हा काळ मोठा वाटतो, म्हणून गटाला तो आरंभीच सांगावा.

छाटणी

फळ उतरले की लगेच, जूनमध्ये छाटावे. थंडीत छाटू नये, कारण त्यानंतर लवकरच पांढरी सुवासिक फुले येतात आणि छाटणीत फळच जाते. झुडूप बुडापासून दाट व्हावे म्हणून पहिल्या दोन वर्षांत शेंडे खुडावेत. पुढे उंची छातीइतकी ठेवावी. एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे : दाट आणि छाटलेल्या कुंपणाला सुट्या झुडपाइतके फळ लागत नाही. म्हणून तीन बाजू राखणीसाठी छाटाव्यात आणि एक बाजू, शक्यतो डोंगराकडची, फळासाठी थोडी मोकळी वाढू द्यावी.

फळ : घरासाठी आणि बाजारासाठी

एप्रिलमध्ये कच्ची हिरवी करवंदे मिठात घालावीत, लोणचे करावे, चटणी वाटावी. पावसाळ्यात भाकरीबरोबर तेच कालवण होते. मेमध्ये पिकलेली करवंदे मुलांची. तोंडात फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ त्यांना शिकवावा लागत नाही.

पण आरोग्याचे काम करणाऱ्या बहिणींनी जपून बोलावे. करवंदात लोह आहे, म्हणून गरोदर बाईला करवंदे खा आणि गोळ्या सोडा, असे कधीही सांगू नये. उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या चालूच राहिल्या पाहिजेत. करवंदाचे खरे पोषण कुंपणाच्या आत आहे : तिथे वाचलेला शेवगा, माठ, वाल आणि कोंबडीची अंडी.

बाजारात 'डोंगरची काळी मैना' पळसाच्या पानांच्या द्रोणातून विकली जाते. पिकले फळ दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून बाईला पडेल तो भाव घ्यावा लागतो. कच्चे फळ टिकते, मिठात घातलेले आणखी टिकते. ज्या गटाकडे बरण्या आहेत त्याला संध्याकाळी माल फुंकून टाकावा लागत नाही. परसातले करवंद आले म्हणून डोंगरावरचे सोडावे, असेही नाही. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आदिवासींचा आहे. तो हक्क ग्रामसभेत वाचून दाखवावा.

सावधगिरी

घाणेरीलाही काळी फळे येतात आणि ती फुकट, झपाट्याने वाढते. पण ती कुंपणाला लावू नये. ती बाहेरून आलेली वनस्पती आहे, पाला गुरांना बाधतो, आणि ती रानात पसरून करवंदाचीच जागा खाते. करवंदाचे कुंपण दारापासून व भिंतीपासून सहा-सात फूट दूर असावे आणि बूड झाडून ठेवावे, म्हणजे विंचू-सापाला आडोसा मिळत नाही. छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नयेत. पोरे अनवाणी असतात.

कुंपणाची बाहेरची बाजू

कुंपणाला दोन बाजू असतात, आणि करवंद दोन्ही बाजूंना पिकते. लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरीब व उपरे यांच्यासाठी सोडावे असा नियम आहे. ज्या कातकरी कुटुंबाकडे परसाएवढीही जमीन नाही, त्याची पोरे आपल्या कुंपणाच्या बाहेरूनच जाणार आहेत. बाहेरच्या बाजूचे फळ त्यांचे आणि पाखरांचे, हे गटाने लागवडीच्या दिवशीच ठरवून टाकावे. मागाहून ठरवू म्हटले की भांडणे होतात.

गटात विचारण्याचे प्रश्न

१. गेल्या वर्षी आपल्या पाड्यावर किती परसबागा दिवाळीपर्यंत टिकल्या? बाकीच्या कशाने गेल्या?

२. कुंपणासाठी दरवर्षी किती भारे काटे तोडावे लागतात? ते कोण तोडते, आणि त्यात किती दिवस जातात?

३. उन्हाळ्यात कोणत्या घरी माणूस मागे राहतो? तिथे विहीर किती दूर आहे?

४. ज्यांना जमीन नाही त्यांना या कामातून काय मिळेल : रोपवाटिकेची मजुरी, फळ, की काहीच नाही?

या महिन्याचे काम : चौथ्या प्रश्नाचे उत्तर ठरल्याशिवाय चर खणायला घेऊ नये. उत्तर ठरले, की मेमध्ये बी धरावे.