राज्य कुणाचं, शब्द कुणाचा?

शंका-समाधान : इतिहासातल्या राण्या आणि स्त्रियांची सत्ता

राण्यांविषयी शंका मागवल्या, तेव्हा अबुधाबी, अल ऐन आणि रुवैसहून बरीच पत्रं आली. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जी स्त्री गादीवर बसली नाही, तिची सत्ता ओळखायची कशी? माझं उत्तर सरळ आहे. तिच्या शब्दावर काय घडलं आणि काय टळलं, ते पाहावं.

शंका : आमची मुलं अबुधाबीत वाढताहेत. त्यांना शिवकाळ थोडाफार माहीत आहे, पण या शहराचा इतिहास माहीत नाही. इथे कधी एखादी राणी होऊन गेली का? (एक पालक, खालिदिया)

समाधान : अबुधाबीच्या गादीवर स्त्री बसलेली नाही. पण या घराण्याचा विसाव्या शतकातला इतिहास एका स्त्रीला वगळून सांगताच येत नाही. त्या म्हणजे शेखा सलामा बिंत बुत्ती, अमिरातीचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांच्या आई.

आधीचा काळ लक्षात घ्या. शेख झायेद यांचे आजोबा, झायेद पहिले, 1855 पासून 1909 पर्यंत राज्य करत होते. त्यांच्या पश्चात भावाभावांत रक्त सांडलं. 1922 मध्ये त्यांचे राज्यावर असलेले पुत्र हमदान मारले गेले आणि हमदान यांचे भाऊ सुलतान गादीवर आले. हे सुलतान म्हणजे सलामांचे पती. 1926 मध्ये त्यांचे भाऊ सक्र यांनी त्यांचा खून केला आणि 1928 मध्ये सक्रही मारले गेले. सहा वर्षांत तीन राज्यकर्त्यांचा असा अंत झाला.

1928 मध्ये सलामांचे थोरले चिरंजीव शखबूत यांच्याकडे राज्य आलं. तेव्हा या आईने शखबूत, हझ्झा, खालिद आणि झायेद या चारही मुलांकडून शपथ घेतली, की सत्तेसाठी भाऊ भावावर हात उचलणार नाही. या शपथेची खरी कसोटी 1966 च्या ऑगस्टमध्ये लागली. तेल सापडलं होतं, पैसा येऊ लागला होता आणि शखबूत तो खर्च करायला तयार नव्हते. घराण्याने राज्य झायेद यांच्याकडे सोपवायचं ठरवलं. शखबूत राज्य सोडून निघून गेले, पण जिवानिशी. पुढे ते परत आले आणि 1989 मध्ये अल ऐनला त्यांचं निधन झालं. सत्ता गमावलेल्या भावाला धाकट्या भावाच्या राज्यात म्हातारपण काढता आलं, हे त्या घराण्यात साधं नव्हतं. शेखा सलामा 1970 मध्ये गेल्या. आपल्या शब्दाचं फळ त्यांनी हयातीत पाहिलं.

मुलांना अल ऐन पॅलेस म्युझियममध्ये जरूर न्या. शेख झायेद यांचं हे जुनं निवासस्थान आहे आणि त्यात शेखा सलामांचं दालनही आहे.

शंका : मुस्लिम जगात स्त्री राज्यकर्ती होऊच शकत नव्हती, असं आमच्या गप्पांत नेहमी ऐकू येतं. ते खरं आहे का? (एक वाचक, मुसफ्फा)

समाधान : नाही. अशा स्त्रियांना विरोध झाला, पण त्या झाल्या. येमेनच्या राणी अरवा यांचं उदाहरण याच द्वीपकल्पातलं आहे. पती आजारी पडल्यावर अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी कारभार हाती घेतला, राजधानी सनाहून जिबलाला हलवली आणि 1138 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चालवला. शुक्रवारच्या नमाजाच्या खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, राज्यकर्त्याचं नाव घेतलं जाणं ही त्या काळी सार्वभौमत्वाची उघड खूण होती, आणि येमेनमध्ये तिथे अरवांचं नाव घेतलं जात असे. मुंबईतला दाऊदी बोहरा समाज आजही त्यांना पूज्य मानतो.

दिल्लीत रझिया 1236 ते 1240 सुलतान होत्या. भोपाळमध्ये तर 1819 ते 1926 या काळात बहुतेक वर्षं बेगमांनीच राज्य केलं. कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या चौघी एकीमागून एक. इतकी दीर्घ परंपरा भारतातल्या फार थोड्या संस्थानांत सापडेल.

शंका : माझ्या मुलीच्या निबंधात मी लिहून दिलं, की जिजाऊंनी शिवरायांवर संस्कार केले. ती म्हणाली, "आई, त्या स्वतः काय करायच्या?" मला नीट सांगता आलं नाही. (एक आई, मोहम्मद बिन झायेद सिटी)

समाधान : तुमच्या लेकीचं मला मनापासून कौतुक वाटतं. 'संस्कार' या एका शब्दात आपण जिजाऊंचं अर्धं कर्तृत्व बुजवून टाकतो. शहाजीराजे कर्नाटकात असताना पुणे जहागिरीत त्या राहत होत्या. उजाड झालेलं पुणं पुन्हा वसवण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. रयतेच्या तंट्यांत त्यांनी लक्ष घातलं, त्यांच्या नावची पत्रंही आहेत.

सर्वांत मोठी जबाबदारी 1666 ची. महाराज आग्र्याला गेले, बरोबर संभाजीराजे. दोघंही औरंगजेबाच्या पहाऱ्यात अडकले. राजा आणि वारस दोघंही परमुलखात कैदेत असताना स्वराज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली चालला होता. महाराज परतले तेव्हा राज्य जागेवर होतं. निबंधात हे लिहा. राज्याभिषेक 6 जून 1674 ला झाला आणि 17 जूनला जिजाऊंनी देह ठेवला, ही नोंदही असू द्या.

शंका : मी कोल्हापूरचा. ताराराणींनी औरंगजेबाला झुंजवलं याचा आम्हाला अभिमान आहे. मग त्यांच्याच घरात त्यांना कैद का व्हावं लागलं? (एक वाचक, अल ऐन)

समाधान : मार्च 1700 मध्ये त्यांचे पती, शिवरायांचे धाकटे पुत्र राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून त्यांनी पुढची सात वर्षं लढा चालवला. मोगलांचा इतिहासकार खाफीखान शत्रुपक्षाचा. तरीही सरदारांच्या नेमणुका, बदल्या आणि स्वाऱ्यांची आखणी त्याच करत होत्या, हे त्याने मान्य केलं आहे. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ मेला, दख्खन जिंकल्याशिवाय.

त्यानंतर संभाजीराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीला दोन दावेदार झाले. सरदारांना धनी निवडता येऊ लागला. 1714 मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले. गादी मिळाली राजसबाईंच्या मुलाला, संभाजीला. राजसबाई या राजारामांच्याच दुसऱ्या राणी.

पहिल्या पत्राशी हे ताडून पाहा. सलामांची चारही मुलं एका आईची होती, म्हणून एकाच व्यक्तीसमोर चौघांना शपथ घेता आली. पन्हाळ्यावर दोन सावत्र भाऊ होते आणि दोन आया होत्या. दोघींनाही आपापल्या लेकाचं भवितव्य दिसत होतं, आणि दोन्ही बाजूंनी ऐकावं असं मधलं माणूस उरलं नव्हतं. ताराराणींच्या कर्तबगारीत यामुळे काही कमी होत नाही. त्यांच्या हाती फौज होती, पण वारसाहक्काचा मान्य नियम नव्हता. असा नियम नसला की पराक्रमी माणसाचंही घर फुटतं.

शंका : शेखा फातिमा यांचं नाव इथे सगळीकडे आदराने घेतलं जातं. त्यांचं नेमकं काम काय? (एक शिक्षिका, रुवैस)

समाधान : शेखा फातिमा बिंत मुबारक या शेख झायेद यांच्या पत्नी आणि आजचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद यांच्या आई. त्यांनी 1973 मध्ये अबुधाबीत महिलांची पहिली संघटना काढली आणि 1975 मध्ये देशभरची जनरल विमेन्स युनियन. साक्षरतेचे वर्ग आणि मुलींचं शिक्षण यांवर सुरुवातीपासून भर होता. आई मुलांना शब्दाने बांधू शकते, पण तो शब्द तिच्या आयुष्यापुरता चालतो. संस्था पुढच्या पिढ्यांना पुरते, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

त्याची पुढची पावलंही पाहा. 2006 च्या पहिल्या निवडणुकीत अबुधाबीच्या अमल अल कुबैसी फेडरल नॅशनल काउन्सिलवर निवडून आल्या आणि 2015 मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. त्या कुबैसी टोळीच्या आहेत, आणि शेखा सलामाही त्याच टोळीतल्या. 2019 पासून काउन्सिलच्या 40 जागांपैकी निम्म्या स्त्रियांच्या आहेत. मात्र काउन्सिल प्रामुख्याने सल्लागार स्वरूपाची आहे, हेही वर्गात सांगा.

शंका : शाळेच्या प्रकल्पासाठी एक राणी निवडायची आहे. कुणाला घेऊ, आणि माहिती कशी मांडू? (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, अबुधाबी)

समाधान : बेटा, अहिल्याबाई होळकरांना घे. त्यांच्याबद्दल भरपूर साधनं आहेत. मात्र देवळांची यादी देऊन थांबू नकोस. तीन प्रश्न विचार.

पहिला, पैसा कुणाचा? होळकरांकडे दौलत, म्हणजे राज्याचा खजिना, आणि खासगी, म्हणजे घरच्या स्त्रियांच्या हक्काचं उत्पन्न, असे दोन वेगळे हिशेब होते. काशी विश्वनाथाच्या 1780 च्या मंदिरासारखी धर्मकार्यं अहिल्याबाईंनी खासगीतून केली. दानधर्मासाठी त्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

दुसरा, फौज कुणाची? ती सेनापती तुकोजी होळकरांकडे होती. त्यामुळे दोघांत पैशांवरून ताणही आला. तो लपवू नकोस.

तिसरा, हुकूम कुठवर पाळला जाई? 1767 ते 1795 इतकी वर्षं महेश्वरहून कारभार चालला, विणकरांना तिथे बोलावून वसवलं गेलं आणि तिथल्या माहेश्वरी साड्या आजही विणल्या जातात.

हेच तीन प्रश्न शेखा सलामांना लावून दुसरा तक्ता कर. तिथे पहिल्या दोन रकान्यांत फार थोडं येईल आणि तिसरा भरून जाईल. दोन्ही तक्ते शेजारी लाव, म्हणजे तुझ्या वर्गातल्या अमिराती आणि भारतीय अशा दोन्ही मैत्रिणींना बोलायला विषय मिळेल.