सुटीतले विणकाम: पाणीगेटच्या ओट्यावरचा एक अभ्यास

परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की आमच्या घरात बडोद्याच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. माझे आजोळ बडोद्याचे, जुन्या शहरात पाणीगेटच्या आतल्या बाजूला. बेळगावची बरी हवा सोडून, ऐन मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर चढणाऱ्या गावी मी जाते याचे मैत्रिणींना नवल वाटते. गेल्या सुटीत तर मी तिथे जाऊन लोकर विणायला बसले, हे ऐकून त्या हसल्याच. "उन्हाळ्यात लोकर?" हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला, की त्याचे उत्तर एकदाच लिहून टाकावे म्हणून हा लेख. विणकाम शिकू इच्छिणाऱ्यांना यात थोडेफार धडे सापडतील. ज्यांना शिकायचे नाही त्यांनी गप्पा समजून वाचावे.

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे. पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट आणि पूर्वेस आमचे पाणीगेट. चौघांच्या मधोमध मांडवी. कोट आता फारसा उरलेला नाही, दरवाजे उरले आहेत. अठराव्या शतकात गायकवाडांचा अंमल बसल्यापासून मराठी कुटुंबे या गावात आहेत आणि गुजराती शेजारात इतकी मुरली आहेत, की माझी मामी रागावते मराठीत आणि भाजी घेते गुजरातीत. घराला ओटा आहे, आत माजघरात झोपाळा आहे, वर गच्ची आहे. सुटीतला सारा दिवस या तीन जागांत वाटलेला असतो. सकाळी नऊपर्यंत ओटा, अकरा ते चार खिडक्या लावून झोपाळा, ऊन कलले की पुन्हा ओटा आणि रात्री गच्ची. गच्चीवर दिवसा आमच्याऐवजी छुंद्याच्या बरण्या ऊन खात असतात.

ओट्यावर आजी, मामी, मामेबहीण, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारच्या बा अशी बैठक जमते. हातात काही नसलेली व्यक्ती तिथे फार वेळ टिकत नाही. तिला कोणीतरी लसूण तरी सोलायला देते. मी लसणापेक्षा सुया पत्करल्या.

आता उन्हाळ्यात लोकर का, ते सांगते. अंगभर स्वेटर हाताने विणायला रोज तास-दोन तास बसले तरी नवशिकीला दीड-दोन महिने लागतात. थंडी पडल्यावर लोकर घेणारी बाई संक्रांतीला अर्धाच स्वेटर घालणार. शिवाय पाहून पाहून शिकायचे तर शिकवणारी आणि शिकणारी दोघींनाही घाई नसावी लागते, आणि तो काळ वर्षातून एकदाच येतो.

उन्हाळ्याची अडचण घामाची. घामेजल्या बोटांत लोकर अडकते, टाका घट्ट बसतो आणि सुई सरकत नाही. मामी जवळ पावडरचा डबा ठेवते आणि दर चार ओळींनी बोटे कोरडी करते. मांडीवर स्वेटरचा भार येऊ लागला, की तिथे सुती पंचा पसरते. या साध्या गोष्टी मी हसण्यावारी नेल्या आणि त्याची किंमत मोजली, ती पुढे येईलच.

पहिला धडा टाक्याचा. कापड विणताना उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवरच्या विणीत धागा एकच असतो. एका फासातून दुसरा फास काढायचा, त्यातून तिसरा. म्हणून विणलेला स्वेटर ताणला तर ताणतो, आणि म्हणूनच शेवटचे टोक सुटले तर ओढता ओढता सारा उसवतो. आपल्या मराठीत मागावरचे लुगडेही विणतात आणि सुयांवरचा मोजाही विणतात. बा मात्र मागाच्या कामाला 'वणाट' म्हणतात आणि माझ्या सुयांकडे बघून "शुं गूंथे छे?" असे विचारतात. आपल्या कन्नड विभागातल्या मैत्रिणीही 'नेय्गे' आणि 'हेणिगे' असे दोन शब्द वेगळे ठेवतात. या बाबतीत शेजारी आपल्यापेक्षा काटेकोर आहेत, हे कबूल करायला हवे.

सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके आहेत असे मला आधी वाटत असे. तो एकच टाका आहे. समोरून सुलट दिसणारा टाका मागून उलट दिसतो, इतकेच. हे एकदा कळले, की पुष्कळ कोडी सुटतात. सगळ्या ओळी सुलट विणल्या, तर दोन्ही बाजूंना सारख्या उठावाच्या ओळी येतात आणि तुकडा सपाट राहतो. एक ओळ सुलट, एक उलट केली, तर दर्शनी बाजू गुळगुळीत येते, पण कडा वळतात. एकाच ओळीत एक सुलट, एक उलट असे घेतले, की उभ्या रेघा पडून वीण आखडते आणि ताणली तर पसरते. स्वेटरची बॉर्डर, मनगट आणि गळा अशा विणीचे करतात ते यासाठी. बॉर्डर १२ नंबरच्या सुयांवर आणि अंग १० नंबरच्या सुयांवर, असा घरातला रिवाज. या जुन्या मोजणीत नंबर मोठा तशी सुई बारीक, हे विसरू नये.

दुसरा धडा नमुन्याच्या चौकोनाचा. तो मी रडून शिकले. अंगाला हात घालण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांचा तळहाताएवढा तुकडा विणायचा आणि दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचे. मी हा चौकोन दुपारी दोन वाजता, पंखा बंद पडलेला असताना, घामाच्या हातांनी विणला. टाके आले २४. पाठ हवी होती ४५ सेंटिमीटर, म्हणून हिशेबाने १०८ टाके घातले. पुढचे विणकाम मात्र सकाळच्या वाऱ्यात ओट्यावर केले. तिथे हात सैल पडला आणि दहा सेंटिमीटरात २२ च टाके बसू लागले. पाठ झाली ४९ सेंटिमीटर. पुढचा भागही तसाच झाला असता, तर सबंध स्वेटर आठ सेंटिमीटर ढगळ! मी म्हटले, "चालेल, आत जाड सदरा घालीन." मामीने मोजपट्टी गुंडाळून ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "उसव."

वीतभर विणलेले उसवायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत, हे त्यातले सर्वांत वाईट. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. तिची लड करून, कोमट पाण्यात भिजवून, सावलीत टांगून वाळवली, की बरीचशी सरळ होते. लड धरायला हात पुढे करून बसण्याचे काम माझ्या धाकट्या मामेभावाकडे आले. त्या अर्ध्या तासाचे त्याने दोन वेळा बर्फाचा गोळा वसूल केला.

एक टाका सुटून खाली घसरला, तर मात्र उसवावे लागत नाही. घसरलेल्या फासाच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. क्रोशाच्या सुईने खालच्या फासातून एकेक पायरी ओढून घेत वर यायचे आणि टाका सुईवर चढवायचा. हे जमले त्या दिवशी मला पदवी मिळाल्यासारखे वाटले.

आजी लोकर आता विणत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा काढायचा आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा ती या घरात नवीच आली होती. त्या हिवाळ्यात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. पाणीगेटची ही ओटाबैठकही त्यात होती. ज्यांनी कधी बर्फ पाहिले नव्हते, त्यांनी हिमालयातल्या थंडीचा अंदाज बांधून विणले. "किती जाड करायचे तेच कळेना," आजी म्हणते, "म्हणून दुहेरी लोकर घेतली." तिचा पहिला पुरा स्वेटर तो. तो कोणाच्या अंगावर गेला ते तिला कधीच कळले नाही.

बडोद्यात बायकांच्या हातकामाला निराळा इतिहासही आहे. सयाजीराव महाराजांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय १९१४ सालचे. बाईच्या हातात कला असेल, तर तिला त्यातून चार पैसे मिळावेत, ही त्यामागची दृष्टी. याच चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या.

पैशांचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगते. मामी बाळंतविड्याचे टोपडे, मोजे, झबले विणून देते. माझ्यादेखत एक बाई संच घेऊन गेल्या आणि फक्त लोकरीचे पैसे पुढे केले. म्हणाल्या, "तुम्ही तशाही बसलेल्याच असता ना ओट्यावर." मामी हसली आणि पैसे घेतले. रात्री गच्चीवर आम्ही तिचे तास मोजले. ते बावीस झाले. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी त्या लेस करणाऱ्या स्त्रियांवर १९८२ साली पुस्तक लिहिले. दिवसाचे कितीतरी तास राबणाऱ्या त्या बायकांना 'घरी बसून फावल्या वेळात करणाऱ्या' ठरवले गेले आणि म्हणूनच त्यांची मजुरी नगण्य राहिली, असे त्यात त्यांनी दाखवले आहे. ओट्यावरच्या त्या बाईंचे वाक्य मला तिथे जसेच्या तसे भेटले. माझे विणकाम सुटीचे आहे, मामीचे नाही, हे मला त्या रात्रीपर्यंत दिसले नव्हते.

शेवटचा धडा क्रोशाचा आणि आजीचा. तिच्या रुखवतातला एक ताटावरचा रुमाल आहे, भोवती पांढऱ्या दोऱ्याची कंगोऱ्यांची लेस. एका कडेला ती कुजली आहे. नमुना कुठेही लिहिलेला नाही. आजीच्या आईने तिला करून दाखवला, तिने पाहून केला. आजीला विचारले, तर म्हणे, "मोजून कोण करते? हाताला ठाऊक असते." पण तिच्या हाताला ठाऊक असलेले आता तिच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि मामीला क्रोशा येत नाही. म्हणजे मी या सुटीत उतरून घेतले नाही, तर तो नमुना त्या कुजक्या कडेबरोबर जाणार.

मी भिंग घेऊन बसले. सरळ भाग सोपा निघाला, तो येथे देते. सहाने भाग जाईल इतक्या साखळ्या घालून वर दोन जास्त घालाव्यात. दहा कंगोऱ्यांना ६२. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, म्हणजे सुई घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढायचा. मग दोन साखळ्या सोडून तिसरीत पाच खांब. खांबाला आधी सुईवर दोरा एकदा गुंडाळावा, मग सुई घालून दोरा ओढावा आणि सुईवरचे तीन फास दोन-दोन करून दोनदा सोडवावेत. पुन्हा दोन साखळ्या सोडून तिसरीत मुका खांब. एक कंगोरा झाला. असेच पुढे. रुमालाला करायचे असेल, तर साखळीऐवजी कडेवरच आधी मुक्या खांबांची एक फेरी घालावी.

मी नव्या कापडावर एक कड पुरी केली आणि कोपरा वळवला. कोपरा द्रोणासारखा वर उचलला गेला. इस्त्री केली, तरी बसेना. जुन्या रुमालाचे कोपरे इतके झिजलेले, की खांब मोजता येईनात. आजी झोपाळ्यावर होती. मी दोन्ही रुमाल तिच्या मांडीवर ठेवले. तिने डोळे मिटले, जुन्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मग माझ्या कोपऱ्यावरून, पुन्हा जुन्यावरून.

"कोपऱ्याला दोन जास्त गं," ती म्हणाली. "पाच नाही, सात. तिथे वळायला जागा नको का?"

सात घातले आणि कोपरा पाटासारखा सपाट बसला. वहीत ती ओळ मी आजीच्या शब्दांतच लिहिली आहे. निघायच्या दिवसापर्यंत दोन कोपरे झाले. उरलेले दोन मी बेळगावात करीन म्हटले, तर आजीने रुमाल काढून घेतला आणि आपल्या पेटीत ठेवला. "इथेच राहू दे," म्हणाली, "पुढच्या सुटीला ये."