पूल आणि संग्रहालय : वास्तू पाहावी कशी?

वास्तुसौंदर्य हा शहरातील मुलांचाच विषय आहे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती यथार्थ नाही. पुलाचे मोल भामरागडच्या मुलास कोणी सांगावे लागत नाही. पर्लकोटा नदीवरील जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली गेला आणि गावाचा संपर्क तुटला, हे त्याच्या घरच्यांनी अनुभवलेले आहे. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने सुमारे २००० वर्षांपूर्वी चांगल्या वास्तूचे तीन गुण सांगितले : दृढता, उपयुक्तता व सौंदर्य. मुलांनी प्रत्येक वास्तू याच क्रमाने पाहावी.

मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला. त्याच्या मुख्य भागात उंच मनोऱ्यांपासून निघालेले तिरकस पोलादी दोर रस्ता उचलून धरतात. भार दोरांतून मनोऱ्याकडे व मनोऱ्यातून पायाकडे जातो. म्हणून मधे खांब थोडे लागतात. वर्गात हे सहज दाखविता येते. एका मुलाच्या डोक्यावर चुंबळ ठेवावी, तीवरून दोरी घेऊन तिची टोके त्याच्या पसरलेल्या हातांच्या कोपरांस बांधावीत. हातांत पुस्तके दिली की दोरी ताणते व डोक्यावर दाब येतो. सेतूची डौलदार आकृती ही अशी भारातूनच जन्मली आहे.

याउलट साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय पाहावे. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू १९६३ साली पूर्ण झाली. विटांचे खांब, कौलारू छपरे, दगडी फरशी, लाकडी झडपा आणि मधे जलकुंड. काचेची तावदाने नाहीत. गांधीजींच्या साधेपणास साजेशी ही रचना आधुनिक असूनही आपल्या ओसरी-अंगणाच्या घरास जवळची वाटते. भव्यतेवाचूनही वास्तू मनात भरते, हे मुलांस यावरून उमजेल.

शेवटी मुलांकडून गावातील एका वास्तूचे चित्र काढवून घ्यावे व खाली तीन उत्तरे लिहवावीत : हिचा भार कोण वाहतो? हिचा उपयोग कोणास होतो? हिच्यात काय आवडले? पुलाचे निरीक्षण पूर ओसरल्यावर व शिक्षकांसमवेतच करावे.